आज दुर्बिणीची गरज नाही

काशम्माकाकूंचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट.

"घराची सफाई काढलीया," त्या म्हणाल्या. "ह्यांची दुर्बीण वर पडून हाय. मला उचलत न्हाई आन भंगारात घालायला जीव होत न्हाई. तू ने की येऊन."

उद्या शाळा सुटली की येते, असं म्हणून मी फोन ठेवला. मग बराच वेळ एकही पेपर तपासला गेला नाही. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या घराचा जिना मी तीन वर्षं चढले नव्हते. वीरभद्रप्पाकाका गेले तेव्हासुद्धा नाही.

मी ऋतुजा. शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. मिस्टर नोकरीसाठी पुण्याला असतात, त्यामुळे आठवडाभर घरात मी एकटीच. माहेर जेऊरचं. तिथं उन्हाळ्यात अंगणात झोपायचो तेव्हापासून मला ताऱ्यांचा नाद. आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांचा आमचा एक गट आहे, पंधरावीस जणांचा. एखादा धूमकेतू आला की तो कुठल्या ताऱ्याजवळ आहे आणि किती उजळ आहे हे आम्ही रोज टिपतो. जगभरच्या अशा नोंदी जिथं जमा होतात तिथं आमचे आकडे पाठवायचं काम माझ्याकडे आहे. अशा शेकडो नोंदींतून धूमकेतूची कक्षा आणि त्याचा स्वभाव कळत जातो.

काका गटातले सगळ्यांत जुने. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर होते. रंगाच्या कढईतून निघालेली सुताची लड नमुन्याशेजारी धरून, एक डोळा बारीक करून ते "अजून जरा" म्हणायचे, आणि त्यांचं ते 'जरा' कधी चुकायचं नाही. तीच नजर त्यांनी आकाशाला लावली होती. तेज मोजायला मला त्यांनीच शिकवलं. दुर्बिणीचा फोकस थोडा हलवायचा, ताऱ्यांचे धूसर गोळे होतात, ते धूमकेतूच्या गोळ्याशी ताडून बघायचे. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात. आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. गावाबाहेरच्या काळोखात साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं.

"आकडा मागनं येतो, ऋतुजाबाई," ते म्हणायचे. "आधी रंग बघायचा. ह्याच्यापेक्षा उजळ, त्याच्यापेक्षा फिका. बस."

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एका धूमकेतूसाठी काकांचा आकडा आम्हा सगळ्यांपेक्षा दीड प्रतीनं उजळ आला. आम्ही सातच्या सुमाराला पाहिलं होतं, त्यांनी आठनंतर. त्यांना मोतीबिंदू झालाय हे गटात सगळ्यांना माहीत होतं. मी यादीतून त्यांची नोंद काढून टाकली, आणि रविवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, तुम्हाला आता दिसत नाही. तुम्ही अंदाजानं आकडे टाकताय."

काकांनी वही मिटली, चष्मा डबीत ठेवला आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

सहा महिन्यांनी मला एक ईमेल आला. त्या संध्याकाळी त्या धूमकेतूवर काहीतरी फुटून तो तासभर खरोखरच उजळला होता. इराणमधल्या एकाच्या फोटोत ते सापडलं होतं. वेळ ताडून पाहिली. काकांनी पाहिलं तीच. मी तो ईमेल दोनदा वाचला आणि बंद केला. कुणाला सांगितलं नाही. काकांना तर नाहीच. मग फोन आला त्याच वर्षीच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा संपता संपता, काका गेले.

तर मी अशी ओशाळलेली त्या घरात शिरले. शुक्रवार, दहा ऑक्टोबर. गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू होती. काकूंनी दार उघडलं. पाठ वाकली होती, पण हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या.

"ये, बा अव्वा," त्या म्हणाल्या. बोलताना कानडी मध्येच डोकावायची त्यांची सवय तशीच होती. "बस. चा टाकते."

"नको काकू, आत्ताच शाळेत झाला," मी म्हणाले. तरी त्यांनी कप पुढं ठेवलाच. मी तो घेतला नाही.

काकांच्या वह्या त्यांनी जुन्या चादरीत बांधून ठेवल्या होत्या. अकरा वह्या. "ह्यापण ने. मला कुटं वाचता येतंय?" काकूंना सही तेवढी यायची, तीही कानडीत.

मी सगळ्यात वरची वही उघडली. काकांचं ते बारीक, उभट अक्षर, टोकदार पेन्सिलीचं. शेवटची नोंद आठ जानेवारीची. मी पान उलटलं. मधे एक पान कोरं, आणि मग पुढं लिहिलेलं होतं.

'शुक्रवार, १० ऑक्टोबर. सायं. ७.१०. नवा. श्रवणच्या खाली दीड बोट. प्रत ८.४. शेपूट नाही. आकाश धुरकट. ऋतुजा आली. चहा घेतला नाही.'

माझ्यासमोर कपातल्या चहावर साय धरत होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा वाजले होते.

मी आधी जे कुणीही करेल तेच केलं. कुणीतरी हे मागाहून लिहिलं असणार असं धरून चालले. पण कोणी? काकूंचा मुलगा बसवेश हैदराबादला, तो उन्हाळ्यात येऊन गेलेला. आणि त्या धूमकेतूचं काय? तसा एक धूमकेतू आकाशात होता खरा. सूर्यापासून लांब जात चाललेला, अंधुक, आमच्या गटातल्या कुणीही अजून न पाहिलेला. पण त्याचा शोधच लागला होता जुलैमध्ये. काकांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी फोनवर त्याची जागा काढली. श्रवण ताऱ्याच्या खाली, दीड अंशावर. अपेक्षित प्रत पावणेदहा.

"काकू," मी म्हणाले, "मी जरा वर जाऊन बघू?"

"जा की. खोली उघडीच हाय. मी गुडघ्यांमुळं तीन वर्सं वर गेले न्हाई."

गच्चीवर एक पत्र्याची खोली, शेजारी काकांची लोखंडी खुर्ची. दुर्बीण त्यांनी स्वतः घडवलेली. आरसा दोन वर्षं घासून केलेला, नळी कारखान्यातल्या जुन्या पाइपाची. आरशावर धूळ असेल, तो उतरवून पुसावा लागेल असं वाटलं होतं. आरसा स्वच्छ होता.

अंधार पडला. श्रवण डोक्यावर आला होता. त्याच्या खाली दुर्बीण आणली आणि मला तो दिसला. पुसट, मऊ, दुधाचा थेंब पाण्यात पडून विरत असावा तसा. फोकस हलवला, तीन ताऱ्यांशी ताडून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझा आकडा येत होता आठ पूर्णांक चार.

तेवढ्या वेळात खालच्या मागांची खटखट ऐकू येत नव्हती. मी डोळा काढला तशी ती पुन्हा सुरू झाली.

दुर्बीण मी नेली नाही. काकूंना म्हणाले, "अजून काही दिवस इथंच राहू द्या. मी रोज संध्याकाळी येत जाईन." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "बरं झालं. वर कुणीतरी असलं की घर घर वाटतं."

दुसऱ्या दिवशीपासून मी एक नियम केला. वहीत १० तारखेच्या पुढंही नोंदी होत्या, त्या न वाचता एका पुठ्ठ्याखाली झाकून ठेवायच्या. आधी आपण पाहायचं, आपला आकडा स्वतःच्या कागदावर लिहायचा, आणि मगच काकांची त्या दिवसाची नोंद उघडायची.

शनिवारी माझा आकडा आला सात पूर्णांक सहा. पुठ्ठा सरकवला. 'प्रत ७.६. ऋतुजानं आधी आपला आकडा लिहिला, मग वही उघडली. बरं केलं.'

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण त्याहून जास्त, खूप दिवसांनी कुणीतरी पाठीवर थोपटावं तसं वाटलं. त्या गच्चीवर सगळंच थोडं झोपेत असल्यासारखं असायचं. हवा कोमट, गल्लीतले दिवे पाण्याखालून दिसावेत तसे. आणि अंधार पडता पडता एक वास यायचा, गरम, ओल्या सुताचा. शेजारच्या गच्चीवर कल्लप्पा नावाचे गृहस्थ पाण्याची टाकी भरायला यायचे. मी त्यांना विचारलं, "इथं जवळपास कुठं सूत रंगवतात का हो?"

"आता कुटलं," ते म्हणाले. "पंधरा वर्सं झाली बंद पडून."

रविवारी पाहिलं तर एक गोष्ट खटकली. धूमकेतू रोज थोडा थोडा सरकायला हवा. फोनवरच्या गणिताप्रमाणे तो आता श्रवण सोडून धनिष्ठेच्या वाटेला लागला होता. पण दुर्बिणीत तो शनिवारच्या जागीच होता. मी नकाशावर ठिपका दिला. शनिवारच्या ठिपक्यावरच पडला. गटातल्या दोघांनी गावाबाहेरून पाहिलं होतं, त्यांना तो गणिताच्या जागी दिसला. नववी प्रत, आणि दिवसेंदिवस मंद. आमच्या गच्चीवरून तो सातव्या प्रतीचा झाला होता आणि हलत नव्हता.

माझे आकडे मी पाठवले. गटाच्या नाही, स्वतःच्या नावानं, आणि खाली निरीक्षणस्थान म्हणून काकांची गच्ची लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फार सभ्य शब्दांत. आपल्या नोंदी इतरांशी जुळत नाहीत, कृपया पुन्हा तपासाव्यात. मी ते वाचून हसले. मग हसता हसता रडायला आलं.

त्या संध्याकाळी, सोमवारी, मी वर न जाता आधी काकूंपाशी बसले. सगळं सांगितलं. बैठकीत काय बोलले ते, इराणचा ईमेल, अडीच वर्षं गप्प राहिले ते.

काकू वाती वळत होत्या. हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "मला काय सांगतीस? मला त्यातलं काय कळतंय?" मग मान न उचलता म्हणाल्या, "त्यांना सांग की. वरच हायेत."

"काकू..."

"रोज सांजेला जिन्यात चप्पल वाजतंय. आदी वाटलं, कान गेले. मग म्हटलं, वाजू दे. बाई माणसानं एकटं ऱ्हायचं तर कायतरी वाजत असलेलं बरं."

मी वर गेले. ढग होते, तारा एकही दिसत नव्हता. खुर्ची रिकामी होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "काका, तुमचा आकडा बरोबर होता. मला कळलं होतं. मी सांगितलं नाही." रिकाम्या खुर्चीशी बोलताना माणूस वेडगळ दिसतो हे मला माहीत होतं. पण बोलून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं.

पुठ्ठा सरकवला. 'सोमवार, १३. ढग. पाहिलं नाही. ऋतुजानं सांगितलं. ऐकलं.'

इथं हे संपलं असतं तर मी ही हकिकत आनंदानं सांगितली असती. पण मंगळवारी आकडा आला सहा. बुधवारी साडेचार. रस्त्यानं रात्री जाताना समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा बघा, तो डावीकडे-उजवीकडे सरकत नाही, जागच्या जागी नुसता मोठा होत जातो. बाजूनं जाणारा दिवा सरकतो. न सरकता उजळत जाणारी गोष्ट आपल्याकडेच येत असते. हे मी मुलांना वर्गात शिकवते. बुधवारी जिना उतरताना मी कठडा सोडला नाही.

गुरुवारी दुर्बीण न लावताच तो दिसला. श्रवणच्या खाली, एक ओलसर पांढरा डाग, श्रवणपेक्षा जेमतेम फिका. कल्लप्पा टाकीपाशी होते. मी बोट दाखवलं.

"अहो, तिथं... काही दिसतंय का तुम्हाला?"

त्यांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं. "विमान का? न्हाई बा. नुसतं आभाळ हाय की."

त्या दिवशी मी नियम मोडला. आजची नोंद वाचलीच नाही, सरळ पुठ्ठा काढून टाकला आणि पान उलटलं. पुढं एकच नोंद होती. त्यानंतर वहीच्या शेवटापर्यंत कोरी पानं.

'शुक्रवार, १७ ऑक्टोबर. ७.१०. आज दुर्बिणीची गरज नाही. काशी वर आली. ऋतुजा खाली गेली.'

खाली आले. काकू दिवाळीसाठी पणत्या पाण्यात भिजत घालत होत्या. मी म्हणाले, "काकू, उद्या माझ्याकडे चला ना. वसुबारस आहे. मी एकटीच असते."

"दिवाळीत घर बंद ठिवायचं?"

"एकच दिवस. परवा सकाळी मी सोडते परत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांनी काय लिवलंय?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांचा तो हक्क होता. पण मी म्हणाले, "काही नाही. रोजचंच."

दुसऱ्यांदा मी त्या घराशी गप्प राहिले.

शुक्रवारी दुपारीच मी रिक्षानं काकूंना जुळे सोलापूरला आणलं. भवानी पेठेतल्या गच्चीच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. काकू नवी हिरवी इरकली नेसून आल्या होत्या, काठी टेकत टेकत. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट तिथवरच येते, वर गच्चीला जिना आहे. त्यांना हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं, टीव्ही लावून दिला. साडेसहापासून मी मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते. खिडक्यांचे पडदे ओढून घेतले.

"का गं, एवढा अंधार?" त्या म्हणाल्या.

"डास येतात, काकू."

सात वाजता मी स्वयंपाकघरात गेले. त्यांना उपास सोडायचा होता, बाजरीच्या भाकरी करायच्या होत्या. पीठ मळताना टीव्हीचा आवाज ऐकू येत होता, तेवढ्यावर मी निर्धास्त. पहिली भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्या लक्षात आलं की टीव्हीचा आवाज येत नाहीये. टीव्हीचाच नाही. पंख्याचा नाही, रस्त्यावरच्या गाड्यांचा नाही. घरात कुठंही आवाज नव्हता, आणि गरम, ओल्या सुताचा वास भरला होता.

"काकू?"

सोफा रिकामा. काठी सोफ्याला टेकून ठेवलेली. दार उघडं.

लिफ्ट जागची हलली नव्हती. मी जिन्यानं वर धावले. वहीत 'काशी वर आली' एवढंच होतं. कुठल्या घराच्या वर, ते लिहिलेलं नव्हतं. ते मला त्या पायऱ्यांवर कळलं.

गच्चीचं दार सताड उघडं होतं. पलीकडं उजेड होता. चांदण्यासारखा, पण चांदणं नव्हतं, चंद्र उगवायला पहाट उजाडायची होती. त्या उजेडाला सावल्या नव्हत्या. गच्चीवरच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, सगळं आतून उजळल्यासारखं. मधोमध कुणाची तरी प्लॅस्टिकची खुर्ची, आणि तिच्यात काकू. मान वर करून बसलेल्या. ज्यांना अंगणातली पायरी चढवत नव्हती, त्या.

मी वर पाहिलं नाही. हे मी अगदी खरं सांगते. आयुष्यभर आकाश पाहत आलेली मी, त्या दिवशी मला मान वर करायचं धाडस झालं नाही. मी दारातच उभी राहिले.

"काकू... खाली चला..."

"केवढा उजळ गं," त्या म्हणाल्या. आवाज एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीचा असावा तसा. "हे सांगायचे मला रोज, वर ये, वर ये म्हणून. मी म्हणायची, भांडी पडलीत..." त्या थोडं हसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तव्यावर भाकरी हाय न्हवं? जा अव्वा. करपंल. जा खाली."

मी गेले. भाकरीसाठी गेले नाही. भीतीनं गेले. पण गेले.

भाकरी कोळसा झाली होती. गॅस बंद केला. त्याच क्षणी टीव्ही बोलायला लागला, खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. मी पुन्हा वर पळाले तेव्हा गच्चीवर साधा अंधार होता. काकू तशाच बसल्या होत्या. हात हातात घेतला. ऊबदार होता, पण त्यात कोणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेत जावं तसं. त्रास झाला नसणार. बसवेश रात्रीच हैदराबादहून निघाला. लिंगायतांच्यात माणसाला बसलेल्या स्थितीत पुरतात. काकूंना बसवलं, पण मान काही केल्या पुढं येईना. शेवटी तशीच, वर पाहणारी. बसवेशनं मला विचारलं, "शेवटी काय बोलली?" मी त्याला सगळं सांगितलं. वहीसकट. या वेळी काही लपवलं नाही. तो वही घेऊन गेला. त्याचं काय मत झालं ते त्यानं सांगितलं नाही.

आंघोळ घालायला शिवलीला म्हणून काकूंच्या शेजारच्या बाई होत्या. काकूंची साडी त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ही एवढी कशी विटली हो? काल माझ्यासमोर पहिल्यांदा नेसल्या होत्या." साडीची पुढची बाजू पांढुरकी झाली होती, वर्षानुवर्षं उन्हात टाकावी तशी. निऱ्यांच्या आत मात्र हिरवा रंग जसाच्या तसा.

आमच्या गटानं त्या शुक्रवारी धूमकेतू पाहिला होता. धनिष्ठेजवळ, साडेनऊ प्रतीचा. महिन्याभरात तो दिसेनासा झाला.

दिवाळीनंतर कपडे धुवायला काढताना त्या दिवशीचा माझा निळा कुर्ता हाती आला. गच्चीच्या दारात मी मिनिटभरच उभी होते. कुर्त्याचा पुढचा भाग पार विटला होता, राखाडी झाला होता. फक्त डाव्या खांद्यावर मूळचा निळा रंग टिकला होता. मी तो भाग खिडकीशी नेऊन पाहिला. खांद्यावरून पुढं आलेली चार बोटं होती, स्वच्छ, एकेक सुटी.

माझ्यामागं तेव्हा जिना होता, आणि जिन्यात कोणी नव्हतं. काकू समोर खुर्चीत होत्या. खांद्यावर कुणाचा हात पडल्याचं मला जाणवलं नव्हतं. तो हात मला धीर द्यायला होता, पुढं जाऊ नये म्हणून धरायला, की खाली वळवायला, हे मला सांगता येत नाही. मी उतरले ती माझ्या पायांनी, असंच मी आजवर धरून चालले आहे.

कुर्ता मी धुतला नाही. कपाटात, जाड कागदात गुंडाळून ठेवलाय. तिथं ऊन येत नाही, दिव्याचा उजेडही येत नाही. मधूनमधून काढून बघते. पाठीचा भाग तेव्हा चांगला निळा होता, आता तोही फिका पडलाय. बाह्याही पांढऱ्या पडत चालल्यात. कपाटातल्या त्या अंधारात कपडा अजून रोज थोडा थोडा विटतोच आहे.

ती चार बोटं तेवढी पहिल्या दिवसाइतकीच गडद आहेत. आणि परवा पाहिलं तेव्हा, उजव्या खांद्यावरही काहीतरी निळं उमटायला लागलं होतं.